चारशे मेल, तीन उत्तरं

"ताई, दिवाळीत ६३ डोमेन नावं घेतली. एकाकडून विकत घेतलेल्या यादीवर चारशे मेल पाठवले. तीन उत्तरं आली. एक 'नको', एक शिवी, आणि तिसऱ्याने तक्रार केल्याचं कळवलं. त्यानंतर माझं मेलचं खातंच दोन दिवस बंद पडलं. मेल नेमका कसा लिहायचा तेवढं सांगा."

नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या एका तरुणाचा हा प्रश्न. सोबत त्याने त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावं आणि आपल्या मेलची प्रत पाठवली, म्हणून उत्तर लांबलं. डोमेन नाव म्हणजे वेबसाइटचा पत्ता; तो आधी घेऊन ठेवायचा आणि मग गिऱ्हाइकाला जास्त पैशात विकायचा, हे काम मी २०११ पासून प्रताप नगरातल्या घरून करते. त्याआधी कॉम्प्युटर क्लासमध्ये टॅली शिकवायचे. माझं पोट या धंद्यावर चालतं, पण बंगला काही झालेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

भाऊ, मेलचं मागाहून बघू. तुमच्या नावांची यादी मी छापून घेतली आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला: कोणाला? 'ज्याला लागेल त्याला' हे उत्तर नव्हे. आज ज्यांचा धंदा चालू आहे, ज्यांच्या गल्ल्यात पैसा आहे, आणि सध्या वापरतात त्या नावापेक्षा तुमचं नाव ज्यांना उघड उघड बरं पडेल, अशी वीस माणसं मला दाखवता आली पाहिजेत. त्रेसष्टपैकी नऊ नावांपुढे मला तशी वीस माणसं दिसली. बाकी चोपन्न नावं जगातला सगळ्यात गोड मेल लिहूनही विकली जाणार नाहीत, कारण तो मेल पाठवायला पलीकडे कोणी नाही.

आपल्या धंद्यात विक्री मेल पाठवताना होत नाही. ती नाव घेतानाच झालेली असते किंवा हुकलेली असते. मी आता वीस गिऱ्हाइकांची यादी आधी करते आणि मग नाव घेते. कार्टमध्ये टाकलेलं नाव यादी होईपर्यंत दुसऱ्याने उचललं तर उचललं. असं इतक्या वर्षांत मोजून तीन-चार वेळा झालं असेल.

थोडा हिशेबही करू. .कॉमचा घाऊक दर सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपल्याला नाव विकणाऱ्या कंपनीचा नफा, वर आपला १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी ऑफरमध्ये नाव अगदी स्वस्तात मिळतं आणि माणूस भुलतो. रिन्युअलला तेच नाव हजारावर जातं. शिवाय तुमच्या यादीत सात .एआय आहेत. ते अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं एक्सटेन्शन, म्हणजे नावाचं शेपूट; किमान दोन वर्षांसाठीच घ्यावं लागतं आणि .कॉमच्या कितीतरी पट महाग. म्हणजे तुमचा निम्म्याहून जास्त पैसा त्या सातांत अडकलाय. आता तो विसरा. पण त्या चोपन्न नावांचं ऑटो-रिन्यू मात्र आजच बंद करा, नाहीतर पुढच्या दिवाळीला कार्डातून पैसे कापल्याचा मेसेज येईल आणि फराळ कडू लागेल.

यादीतली तीन नावं तर वाट न बघता सोडायची आहेत. एकात मोठ्या बँकेचं नाव आणि पुढे 'लोन', दुसऱ्यात मोटारसायकलच्या कंपनीचं नाव आणि पुढे 'नागपूर', तिसऱ्यात मुद्दाम चुकवलेलं स्पेलिंग. तुम्हाला वाटलं असेल, त्या कंपनीलाच विकू, तिला तर लागणारच. नेमकी हीच कल्पना आपल्याला बुडवते. डोमेनच्या वादांसाठी यूडीआरपी नावाचं धोरण १९९९ पासून आहे. त्यात तीन गोष्टी बघतात: नाव कोणाच्या ट्रेडमार्कशी भ्रम व्हावा इतकं जुळतं का, तुमचा त्यावर काही रास्त हक्क आहे का, आणि तुम्ही ते वाईट हेतूने घेऊन वापरलं का. वाईट हेतूचं पहिलंच उदाहरण त्यात काय दिलंय? ट्रेडमार्कवाल्यालाच, झालेल्या खर्चापेक्षा जास्त पैशात विकण्याच्या मुख्य उद्देशाने नाव घेणं. म्हणजे तुम्ही बँकेला पाठवलेला 'पन्नास हजारात देतो' हा मेल तुमच्याविरुद्धचा पुरावा, आणि तो तुम्हीच लिहून, सही करून दिलेला. नाव जातं, भरपाई शून्य. आपल्या भारताच्या .इन नावांसाठी असंच आयएनडीआरपी नावाचं धोरण आहे.

हा वाद धंद्याइतकाच जुना आहे. अमेरिकेत डेनिस टोपेन नावाच्या माणसाने पॅनाव्हिजन.कॉम घेऊन ठेवलं, पॅनाव्हिजन या कॅमेऱ्यांच्या कंपनीला पत्र पाठवून १३,००० डॉलर मागितले आणि १९९८ साली अपिलातही हरला. त्याने त्या साइटवर इलिनॉयमधल्या पाना गावाचे फोटो लावून ठेवले होते, की बघा, माझं 'पाना-व्हिजन'! कोर्ट काही हसलं नाही. आपल्याकडे १९९९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने याहूइंडिया.कॉमच्या प्रकरणात ते नाव वापरायला मनाई केली, आणि २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं हे स्पष्ट केलं. तेव्हा ब्रँडच्या सावलीत उभं राहायचं नाही. साधे, सगळ्यांचे शब्द घ्यायचे: गाव आणि धंदा, वस्तू आणि काम.

आता त्या नऊ नावांकडे येऊ. आठ नावं 'अमेरिकेतलं शहर अधिक सेवा' या जातीची आहेत: छप्पर दुरुस्ती, झाडं तोडणारे, काँक्रीटवाले. ही तुमची सगळ्यात कंटाळवाणी नावं आहेत आणि मेलने विकली जातील तर तीच. कारण गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवता येतं. त्या शहराचं आणि कामाचं नाव गूगलवर टाका. वर जाहिराती दिसतील. जाहिरातीवर पैसे खर्च करणारा माणूस म्हणजे गिऱ्हाइकासाठी खिशात हात घालणारा माणूस. तो यादीत पहिला. मग मॅपवर या. ज्याचे रिव्ह्यू दोनशेच्या वर आणि साइटचं नाव तीन हायफनचं किंवा .नेट, .बिझ, तो दुसरा. ज्याची साइटच नाही, नुसतं फेसबुक पेज आहे, त्याला मी यादीच्या तळाशी ठेवते. त्याला नावाची गरज असते पण ती कळलेली नसते, आणि गरज समजावून द्यायला आपल्याला कोणी पगार देत नाही. ज्याच्याकडे तेच नाव दुसऱ्या एक्सटेन्शनमध्ये आहे, तो खरं तर सगळ्यांच्या वर, फक्त त्याने ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नाही ना, हे आधी बघून घ्या.

जुन्या यूट्यूब व्हिडिओंत अजून सांगतात, की हूइजमधून, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या सेवेतून, मालकाचा मेल काढा. ते दिवस गेले. युरोपचा खासगी माहिती जपण्याचा कायदा, जीडीपीआर, मे २०१८ मध्ये लागू झाला आणि हूइजमधली नावं-पत्ते झाकले गेले. जानेवारी २०२५ पासून तर .कॉमसारख्या एक्सटेन्शनला जुनी हूइज सेवा चालवायची सक्तीही उरली नाही, त्या जागी आरडीएपी नावाची नवी पद्धत आली. आता पत्ता शोधायचा तो साइटच्या 'आमच्याविषयी'च्या पानावर, लिंक्डइनवर किंवा धंद्याच्या परवान्याच्या सरकारी यादीत. मालकाचं नाव सापडलं पाहिजे. 'इन्फो'ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर गेलेला मेल रिसेप्शनवरची मुलगी वाचते, आणि तिचं काम मालकाला त्रास होऊ न देणं हे आहे. एका नावामागे वीस पत्ते काढायला मला एक अख्खी दुपार लागते. तुम्ही चारशे पत्ते विकत घेतलेत, म्हणजे वीस दुपारी वाचवल्यात, आणि नेमक्या त्याच दुपारींमध्ये हा धंदा होता.

बरं, मेल.

माझा मेल पाच ओळींचा असतो. अमेरिकेला इंग्रजीत जातो, आशय हा असा:

विषय: फक्त डोमेनचं नाव, पुढे काही नाही.

"नमस्कार श्री. अमुक, हे डोमेन माझ्या मालकीचं आहे आणि मी ते विकते आहे. तुमची कंपनी याच शहरात हेच काम करते, म्हणून तुम्हाला विचारते. घ्यायचा विचार असेल तर कळवा, किंमत सांगेन. नको असेल तर 'नको' एवढंच लिहा, पुन्हा मेल येणार नाही." खाली माझं पूर्ण नाव, फोन, नागपूरचा टपालाचा पत्ता.

बस. तुमच्या मेलमध्ये काय होतं ते बघा: 'सुवर्णसंधी', 'आजच घ्या', तीन लिंका, नावाची मशीनने काढलेली २,४०० डॉलर किंमत दाखवणारा स्क्रीनशॉट, आणि विषयात खोटं 'री:', जणू आधी बोलणं झालंय. असलं 'री:' लावणं अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात सरळ बसत नाही. विषय फसवा नको, टपालाचा पत्ता हवा, आणि 'नको' म्हणणाऱ्याला दहा कामकाजाच्या दिवसांत यादीतून काढायला हवं, असं तो कायदा सांगतो. अनोळखी धंदेवाल्याला आधी न विचारता मेल पाठवायला तो बंदी करत नाही. कॅनडात मात्र संमतीचा कायदा २०१४ पासून आहे आणि जर्मनीत धंद्यालाही आधी संमती लागते. मी त्या दोन्ही देशांत मेल पाठवत नाही. नावंही तिथली घेत नाही.

किंमत पहिल्या मेलमध्ये लिहायची की नाही यावर आमच्यात भांडणं आहेत. मी लिहीत नाही, पण डोमेनवर 'विक्रीसाठी' असं एक साधं पान ठेवते आणि त्यावर किंमत ठेवते. ज्याला खरंच रस आहे तो आधी ब्राउझरमध्ये नाव टाकून बघतो. त्याला तिथे 'ही साइट उघडत नाही' दिसलं तर तुमच्या मेलवरचा विश्वास तिथेच उडाला. तुमच्या नावांपैकी एकही उघडत नव्हतं, मी बघितलं.

पाच दिवसांनी एकदा आठवण, दोन ओळींची. मग गप्प. तिसरा मेल पाठवणारा विक्रेता राहत नाही, त्याची कटकट होते. आणि 'दुसरा एक जण घेतोय, लवकर सांगा' हे फक्त खरंच दुसरा एक जण घेत असेल तेव्हा.

वेळेचंही बघा. तुम्ही सकाळी अकराला मेल सोडलेत, तेव्हा टेक्सासमध्ये मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असते. उन्हाळ्यात आपल्या रात्रीच्या साडेआठला तिथे सकाळचे दहा वाजतात. मंगळवार ते गुरुवार, रात्री जेवणं आटपली की मी बसते. घरच्यांना वाटतं, बाई सिरियल सोडून काय करते.

आता तुमचं खातं का बंद पडलं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली राहिल्या पाहिजेत, म्हणजे हजारात तीनपेक्षा कमी. तुमच्या चारशेत नुसत्या दोघांनी 'स्पॅम'चं बटण दाबलं तरी तुम्ही ०.५ वर पोचलात. त्यात विकतच्या यादीतल्या मेलेल्या पत्त्यांवरून परत आलेले मेल, म्हणजे बाउन्स, वेगळे. तेव्हा स्वतःच्या नावाचं एक डोमेन घ्या, त्यावर मेल उघडा, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनच्या सेटिंगमध्ये (डीएनएसमध्ये) नीट लावा (मेल देणाऱ्या कंपनीच्या मदत-पानावर ओळ न ओळ दिलेली असते, अर्ध्या तासाचं काम आहे), आणि पहिले दोन आठवडे रोज आठ-दहाच्या वर मेल पाठवू नका. घरच्यांना, मित्रांना पाठवा, त्यांच्याकडून उत्तरं येऊ द्या. पहिल्या मेलमध्ये लिंक नाही, अटॅचमेंट नाही. प्रत्येक मेल हाताने.

हाताने यावर मी एवढी अडून का आहे ते सांगते. २०१३ च्या मे महिन्यात, बाहेर छेचाळीस डिग्री आणि कूलरचं पाणी संपलेलं, अशा दुपारी मी पहिल्यांदा मेल-मर्ज वापरलं, म्हणजे एक्सेलच्या यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या नावाने एकदम मेल सोडायची सोय. एक्सेलमधला एक कॉलम एका ओळीने खाली सरकलेला होता. माझ्या लक्षात आला नाही. दोनशेच्या वर लोकांना मेल गेले आणि प्रत्येकात त्याच्या शेजारच्या ओळीतल्या माणसाचं नाव. म्हणजे डॅलसमधल्या प्रत्येक प्लंबरला मी त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या नावाने हाक मारली. एकाने फार सभ्यपणे लिहिलं, की मॅडम, तो गृहस्थ माझा मेहुणा आहे आणि आमचं बोलणं बंद आहे. त्या आठवड्यात माझी सगळी नावं जिथे होती त्या रजिस्ट्रारने तक्रारींवरून खातं गोठवलं. ते उघडायला एकवीस दिवस लागले, आणि त्या दिवसांत पक्का होत आलेला एक सौदा गेला. तेव्हापासून विक्रीची नावं एका ठिकाणी, मेलचं डोमेन दुसऱ्या ठिकाणी.

उत्तर आलं की खरं काम. सगळ्यात जास्त येणारं उत्तर दोन शब्दांचं: 'किंमत किती?' यावर तासाभरात एकच आकडा द्या. 'पाचशे ते हजार' म्हणालात की त्याने फक्त पाचशे ऐकलं. आकडा ठरवताना मशीनच्या अंदाजाला फारसं विचारू नका. तशाच जातीची नावं आधी कितीला गेली ते नेमबायोवर बघा, तिथे झालेल्या विक्रीच्या नोंदी असतात. मेलने विकलेली शहर-सेवेची माझी बहुतेक नावं तीनशे ते बाराशे डॉलरमध्ये गेली आहेत. बातम्यांत वाचता ते व्हॉइस.कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं. ती गोष्ट निराळी, ती नावं मेल लिहून विकली जात नाहीत, त्यांच्याकडे गिऱ्हाईक चालत येतं. आपण गिऱ्हाइकाच्या दारात उभे आहोत. दारात उभ्या असलेल्याला भाव कमीच मिळतो, हे मान्य करून नाव घेताना जास्त पैसे घालायचेच नाहीत.

उरलेलं नववं नाव म्हणजे तुमचं संत्र्याचं. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. शब्द सगळ्यांचा असला तरी त्याचा वापर नोंदणीतल्या अटींना बांधलेला आहे, तेव्हा ते नाव खरोखर संत्र्याचा धंदा करणाऱ्यालाच दाखवा. आणि त्यासाठी मेल लिहूच नका. कळमन्याच्या बाजारातला व्यापारी मेल उघडत नाही. आपल्या गावात डोमेन मेलने विकलं जात नाही, समोर बसून विकलं जातं.

माझा गावातला पहिला सौदा बुटीबोरीच्या एमआयडीसीत झाला. पॅकिंगची यंत्रं बनवणारी कंपनी. साइटच्या नावात दोन हायफन आणि शेवटी 'इंडिया'. माझ्याकडे हायफन नसलेलं, वस्तूचं साधं नाव होतं. दोन मेल पाठवले, उत्तर नाही. शेवटी फोन करून वेळ घेतली आणि गाडी काढून गेले. मालक साठीचे, समोर हिशेबाची वही.

"बाई, नावाचे बी पैसे लागतात का बाप्पा? नाव तर बारशाला फुकट ठेवतात."

मी म्हटलं, "काका, फुकटच्या नावाने हाक मारली तर पोरगं येतं. तुमच्या नावाने हाक मारली तर मेल येतो का, ते विचारा बरं तुमच्या ऑफिसात."

त्यांनी अकाउंट्सच्या मुलाला बोलावलं. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "साहेब, ती भिलाईच्या पार्टीची ऑर्डर आठ दिवस आली नव्हती ना, त्यांनी एक हायफन कमी टाकला होता."

काका काही बोलले नाहीत. चहा मागवला. पस्तीस हजार सांगितले होते, अठ्ठावीसवर आले, एनईएफटी, जीएसटीचं बिल. मला नंतर कळलं की मी पन्नास सांगायला हवे होते, पण ते असो. तेव्हापासून वर्धा रोडवर सिग्नलला थांबले की मी पुढच्या टेम्पोच्या पाठीवरचा मेल-पत्ता वाचते. एवढी मोठी कंपनी आणि पत्ता जीमेलचा, असं दिसलं की फोटो काढून ठेवते. स्थानिक गिऱ्हाइकांची माझी निम्मी यादी अशी झाली आहे. तुम्ही हिंगण्याच्या बाजूने एकदा दुचाकीवर फेरी मारा, पाट्या वाचत.

जाता जाता: मराठीतल्या .भारत नावांबद्दल तुम्ही विचारलंय. २०१४ पासून ती मिळतात. माझ्याकडे दोन आहेत, अजून कोणी एक रुपया दिलेला नाही. ठेवली आहेत, कारण वाचायला छान वाटतात. धंदा म्हणून घेऊ नका.

पैसे घेताना दोन गोष्टी जपा. पहिली, कोणी अचानक तुमच्या नावाला दहा हजार डॉलर देतो म्हणाला आणि 'फक्त अमुक साइटवरून किमतीचं प्रमाणपत्र आणा' असं सांगितलं, तर तो गिऱ्हाईक नाही. त्या प्रमाणपत्राचे शंभर डॉलर हीच त्याची कमाई. माझ्याकडे वर्षातून दोनदा तरी असा येतो. दुसरी, परदेशी गिऱ्हाईक असेल तर एस्क्रो, म्हणजे पैसे मधे धरून ठेवणारी कंपनी. गिऱ्हाईक पैसे एस्क्रोकडे भरतो, त्यांनी 'पैसे मिळाले' म्हटल्यावर तुम्ही नाव देता, त्याने 'नाव मिळालं' म्हटल्यावर तुम्हाला पैसे मिळतात. एस्क्रोचा पत्ता स्वतः टाइप करा. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या लिंकवरून तिथे कधीही जाऊ नका, हुबेहूब खोट्या साइटी असतात. पेपालवर परदेशातून पैसे येतात, पण डिजिटल वस्तूंवर नंतर गिऱ्हाइकाने चार्जबॅक केला, म्हणजे तक्रार करून पैसे परत ओढले, की नावही गेलं आणि पैसेही. बँकेकडून परकीय चलनाची पावती घ्या आणि मार्चची वाट न बघता सीएला दाखवा.

नाव देताना गिऱ्हाइकाचं खातं त्याच रजिस्ट्रारकडे असेल तर आतल्या आत ढकलता येतं, दहा मिनिटांत. दुसरीकडे न्यायचं असेल तर नावाचं लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा गुप्त कोड, द्यायचा. नवं घेतलेलं नाव मात्र ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. तुमची नावं दिवाळीची, म्हणजे ती अडचण आता नाही. पण पुढे नाव घेतल्या घेतल्या मेल पाठवायची घाई झाली, तर हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पैसे भरल्यावर त्याला कळलं तर तो तुम्हाला चोर समजेल.

आता या आठवड्यात एवढं करा. त्या आठ अमेरिकी नावांतलं पाचवं, काँक्रीटवालं, मला सगळ्यात बरं वाटलं. त्याच एकाची वीस माणसांची यादी बनवा: कंपनी, मालकाचं नाव, त्याची आत्ताची साइट, आणि त्याला तुमचं नाव का बरं पडेल ते एका ओळीत. ही शेवटची ओळ ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही त्याला खोडा. वीसची बारा झाली तरी चालतील. मेल अजून कोणालाच पाठवू नका. यादी मला पाठवा. रविवारी मी घरीच आहे, पण फोन पाचनंतर करा, ऊन उतरल्यावर.